गुणवंतकाकांच्या तोंडचा शुअर

मी शुअर बोलतोय. तोच, ज्याला तुम्ही दिवसातून दहा वेळा पुढे करता. 'तू शुअर आहेस ना?' उत्तर मिळालं की लगेच मला विसरता. मी एक शब्द आहे. मला घर नाही, फक्त तोंडं आहेत. कुणी उच्चारलं की मी जन्मतो आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवला की थोडा वेळ टिकतो. उच्चारण्याआधी क्षणभर जिभेवर थांबतो, तेव्हा बोलणाऱ्याच्या पोटातलंही मला दिसतं. म्हणून मी जे पाहिलंय ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.

मला इंग्रजी समजू नका. माझा जन्म रोमकडचा, लॅटिन भाषेतला. 'से' म्हणजे विना आणि 'कुरा' म्हणजे काळजी. दोन्ही जोडून मी झालो: काळजीविना. ज्याच्या जिवाला घोर नाही, तो मी. तेव्हा मी फक्त माणसाच्या मनाबद्दल बोलायचो. बाहेर खरं काय आणि खोटं काय, हे माझं काम नव्हतं.

तिथून फ्रान्समध्ये गेलो. तोंडातोंडांतून फिरताना झिजलो, मधला 'क' गळून पडला. मग समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचलो आणि तिथे हळूहळू मला दुसरं काम लावलं गेलं. गोष्ट खरी आहे याची हमी द्यायची. मराठीत निश्चिंत वेगळा आणि निश्चित वेगळा. एक मनाचा, एक गोष्टीचा. मला मात्र दोन्ही कामं एकट्याने करावी लागली.

माझे नातलग तुमच्या ओळखीचे आहेत. दिल्लीतल्या प्रत्येक सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला सिक्युरिटी माझा सख्खा. इन्शुरन्स माझ्याच पोटचा. आणि औषधपाण्याने बरं करणारा क्युअर, तो त्याच 'कुरा'चा मुलगा. तुम्ही मराठीत काळजी करताही आणि काळजी घेताही. कुरा अगदी तशीच होती. त्यामुळे माझ्यात एक खोट पहिल्यापासून राहिली. निर्धास्त माणसाला मी लागू पडतो, तसा बेपर्वा माणसालाही.

हे सगळं लक्षात ठेवा. आता माझ्या मालकाबद्दल सांगतो.

मला आयुष्यात सर्वांत जास्त वापरलं ते गुणवंतकाकांनी. करोल बागेत जन्मलेले, तिथल्याच मराठी शाळेत शिकलेले, केंद्र सरकारच्या खात्यातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारले नव्हते. मेट्रोच्या ब्लू लाइनला गर्दी कुठल्या डब्यात कमी असते, हापूस खरा कोणता, पाऊस कधी येणार, काहीही विचारा. 'हंड्रेड परसेंट. शुअर.' त्यांनी सांगितलेल्या डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, आणि काका त्या गर्दीत उभे राहून म्हणायचे, "आज काहीतरी वेगळं झालंय."

मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलं नाही. चुकलो म्हणायला त्यांचं काय जातं?

सुमित्राकाकू वारल्यापासून काका दर रविवारी धाकट्या भावाकडे जेवायला यायचे. दिनकर त्यांचं नाव. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे, बायको पद्मजा आणि एकुलती एक मुलगी देविका. काका जिन्यात दोनदा खोकायचे. मग पद्मजा ओढणी सारखी करायची आणि दार उघडायची.

या घराची एक पद्धत होती. काकांना त्यांच्या आईने लहानपणीच बजावलं होतं: धाकट्या भावाची बायको लेकीसारखी, पण लेक नव्हे, तिच्या तोंडाकडे बघत बोलायचं नाही. काकांनी ते बावीस वर्षं पाळलं. पद्मजा दोन हातांवर उभी असायची आणि काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणायचे, "देविका, आईला सांग, आमटी झकास झालीय."

पद्मजा म्हणायची, "देविका, मोठ्या काकांना विचार, भात वाढू का अजून."

"मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे का?" देविका म्हणायची. "यार, तुम्ही दोघं एकाच खोलीत आहात."

"मोठ्यांना यार म्हणायचं नाही," दिनकर म्हणायचे, आणि पद्मजा पदर नसतानाही पदराआड हसावं तशी हसायची. त्या हसण्यात तिची उजवी भुवई वर जायची. भुवईच्या मधोमध एक पांढरा व्रण होता, लहानपणी साताऱ्याला झोपाळ्यावरून पडली होती त्याचा. देविकाला तो पाठ होता. ती लहान असताना त्यावर बोट फिरवत झोपायची.

काका याला आदर म्हणायचे. आदरच होता तो, खोटं कशाला बोलू. पण ज्या माणसाच्या हातचं बावीस वर्षं जेवलात त्याच्या तोंडाकडे एकदाही न बघणं, याला आदर म्हणायचं तर म्हणा.

मग दोन हजार एकवीसचा मे महिना आला.

त्या महिन्याबद्दल दिल्लीवाल्यांना काही सांगायला नको. आधी दिनकर आजारी पडले, मग पद्मजा. दिनकरांना घरातच सिलिंडर लावला. पद्मजाला एका हॉस्पिटलमध्ये मोठ्या मुश्किलीने बेड मिळाला. देविका एकोणीस वर्षांची होती, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. सहाव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला की पद्मजा गेली. कुणीतरी येऊन ओळख पटवावी आणि सही करावी.

देविकाने चपला घातल्या. ती दारातच होती तेवढ्यात काकांचा फोन आला. "तू कुठेही जायचं नाहीस. मुलींनी तिथे जायचं नसतं. मी निघालोय."

"काका, ती माझी आई आहे."

"म्हणूनच. दिनूजवळ थांब."

आतल्या खोलीतून दिनकर म्हणाले, "दादा सांगतोय ते ऐक." देविकाने चपला काढल्या. हे तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही आणि त्या दोघांनाही.

काका अडुसष्ट वर्षांचे होते. दोन मास्क, वर प्लास्टिकची शील्ड, एकटेच गेले. शहरातले तरणेबांड लोक ज्या दारापाशी जायला घाबरत होते तिथे हा म्हातारा रांगेत तीन तास उभा राहिला. हेही मी सांगायला हवं. मला त्यांची चीड येते, पण ते भित्रे होते असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

त्यांचा नंबर आला. पांढऱ्या पोशाखातल्या माणसाने पिशवीची चेन थोडी खाली ओढली. "चाचा, देख लो. ये ही हैं?"

काकांनी बघितलं. शील्डवर वाफ धरली होती. सुजलेला चेहरा, नाकावर मास्कचे वळ, कपाळावर चिकटपट्टीची अर्धी सुटलेली पट्टी. आणि काकांच्या मनात तुलना करायला दुसरा चेहराच नव्हता. तिथे होतं फक्त एक कॅलेंडर.

रजिस्टरवाल्या तरुणाने मान वर केली. "आर यू शुअर, सर?"

त्या वेळी मी जिभेवर आलो. पण माझ्या आधी तिथे दुसरे दोन शब्द येऊन उभे होते. 'माहीत नाही.' आयुष्यात पहिल्यांदाच आले होते बिचारे. त्यांना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काकांनी ते गिळले.

मागे वीस माणसं उभी होती. घरी भावाचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर होता आणि तो पाच रात्री झोपला नव्हता. माहीत नाही म्हटलं तर हे लोक शेजारच्या पिशव्या उघडतील, एकेक तोंड दाखवतील. आणि त्यातही कळलं नाही तर?

'खात्री आहे' म्हणायला त्यांची जीभ वळली नसती. त्याला छातीवर हात ठेवावा लागतो. 'पक्का' तर देवाशपथ म्हटल्यासारखा. माझं तसं नाही. मी ऑफिसातला, कोट घातलेला. मला उच्चारताना माणसाला आपण खोटं बोलतोय असं वाटत नाही. तुम्ही परका शब्द नेमका याचसाठी जवळ ठेवता.

"येस," काका म्हणाले. "शुअर."

आणि सही केली.

दहाव्या दिवशी घाटावर जायची सोय नव्हती. गुरुजी फोनच्या स्क्रीनवर होते आणि पिंड क्वार्टरच्या गच्चीच्या कठड्यावर. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाचं मन तृप्त झालं असं समजायचं. कावळा आला नाही. वर घारी फिरत होत्या. एक खार आली आणि बघून गेली. दिनकर कठड्याला धरून उभे होते. ते एकेक गोष्ट सांगत होते: देविकाचं शिक्षण पूर्ण करीन, तुझ्या आईकडे लक्ष देईन, तुळशीला पाणी घालीन. कावळा नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला सांगितला. तो शिववला.

खाली आल्यावर दिनकर म्हणाले, "दादा, ती पद्मजाच होती ना रे? तू नीट बघितलंस ना?"

काकांनी कॅलेंडरकडे बघितलं. "हंड्रेड परसेंट, दिनू. शुअर."

त्या दुपारी दिनकर तीन तास झोपले. कितीतरी दिवसांनी. त्यांच्या उशाशी मी बसून होतो. शेकडो वर्षांनी मला माझं जुनं काम मिळालं होतं, काळजीविना झोपवायचं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आणि लाजही वाटली.

त्याच दुपारी देविकाने हॉस्पिटलने काकांजवळ दिलेली सामानाची पिशवी उघडली. पिशवीवर मार्करने 'पद्मजा' लिहिलं होतं. आत एक कंगवा, एक चार्जर, रुमाल. आणि एक चष्मा. तपकिरी काड्या, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

पद्मजाला चष्मा नव्हता.

देविकाने चष्मा टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून तिने मला तोंडात घेणं बंद केलं. मैत्रिणी विचारायच्या, 'शुअर?' ती म्हणायची, 'हो.' नुसतं 'हो.' चार वर्षं.

काका मात्र रविवारी येतच राहिले. आता दिनकर कुकर लावायचे. देविका पानं वाढायची आणि खोलीत निघून जायची. "हल्लीच्या मुलींना घरात बसायला नको," काका कॅलेंडरला सांगायचे. आतून उत्तर यायचं, "हल्लीच्या मुलींना बाहेर तरी कुठे जाऊ देता?"

यंदा चौदा जानेवारीला दिल्लीच्या मराठी मंडळींची बस पानिपतला निघाली. दर वर्षी काही जण जातात, काला अंबच्या स्मारकावर फुलं वाहायला. दिनकर पहिल्यांदाच तयार झाले, म्हणून देविकाही आली. बसमध्ये आयोजक हेरंब तिळाच्या वड्या वाटत होता.

"काका, धुकं आहे. दहापर्यंत पोचू?"

"पावणेदहा. शुअर."

"मग अकरा धरा रे," हेरंब मागे वळून म्हणाला आणि बस हसली. काकाही हसले. अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचलो.

स्मारकापाशी काका माहिती सांगू लागले. आंब्याचं झाड कुठे होतं, कुठली फौज कुठून आली, सगळं हंड्रेड परसेंट. लोक ऐकत ऐकत पांगले. दिनकर फाटकाबाहेर चहा आणायला गेले. काकांजवळ फक्त देविका उरली.

"सगळ्यात वाईट घरच्यांचं झालं असणार," काका म्हणाले. "माणूस पडला की पळाला, कळायला मार्ग नाही. बायका वर्षानुवर्षं कुंकू लावून बसल्या असतील."

"मग त्यांना कुणी काय सांगत असेल?"

"परत आलेला एखादा सांगत असेल. मी पडताना पाहिला म्हणून. घरच्यांना तेवढं पुरतं."

"आणि त्याने पाहिलंच नसेल तर?"

देविकाने पर्समधून चष्मा काढून त्यांच्यासमोर धरला.

"कुणाचा हा?"

"तेच विचारतेय. आईच्या नावाच्या पिशवीत होता. आईला चष्मा नव्हता, काका."

"पिशव्या बदलल्या असतील. त्या गडबडीत कोण..."

"फक्त पिशव्याच?"

"मी स्वतः सही केलीय, देविका."

"सहीचं नाही विचारत. आईच्या कुठल्या भुवईवर व्रण होता?"

काकांनी मान वळवली. इथे कॅलेंडर नव्हतं, म्हणून ते स्मारकाच्या खांबाकडे बघत राहिले. देविकाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी दारात चपला घालून उभी होते. तुम्ही येऊ दिलं नाहीत. मी एका नजरेत सांगितलं असतं."

खांबाकडेच बघत काका म्हणाले, "तिला व्रण होता?"

देविकाने स्वतःच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं.

"मी कधी बघितलंच नव्हतं ग तिचं तोंड," काका म्हणाले. "तो म्हणाला देख लो. मी बघितलं. आणि मला काहीच... आवाज ऐकवला असता तर ओळखलं असतं. ती वाढायची तेव्हा हातातली एक बांगडी पातेल्याला लागायची. ती ओळखली असती मी. कुठेही."

"मग शुअर का म्हणालात?"

"दिनू झोपला नसता."

मी तिथेच होतो, दोघांच्या मध्ये. देविकाने चार वर्षं ज्या भांडणाची तयारी केली होती, त्यातलं एक वाक्य तिला आठवेना. तिने चष्मा पुसला आणि परत पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात दिनकर कागदी पेल्यांतून चहा घेऊन आले. "काय चाललंय काका-पुतणीचं?"

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

परतीच्या बसमध्ये हेरंबने पुन्हा विचारलं, "काका, सहापर्यंत दिल्ली? शुअर ना?"

काका पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसले होते. "माहीत नाही," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. हेरंब वड्यांचा डबा घेऊन तसाच मागे गेला. दिनकर भावाच्या पाठीकडे बघत राहिले. मग देविकाकडे वळून हळूच म्हणाले, "दादाला काय झालं? तू काही विचारलंस का त्याला?"

"हो."

"आईबद्दल?"

"हो."

बस टोलनाक्यापाशी थांबली, पुन्हा चालू झाली. दिनकरांनी हातातली तिळाची वडी खाल्ली नव्हती. ती बोटांमध्ये चिकट झाली होती. "मग? शुअर आहे ना तो?"

मी देविकाच्या जिभेवर आलो. चार वर्षांनी. तिथे माझ्याआधी खरं उत्तर उभं होतं, स्वच्छ, धारदार, तिने स्वतः मिळवलेलं. ते सांगायचा तिला पूर्ण हक्क होता. मोठी माणसं लपवतात म्हणून तिने आयुष्यभर त्यांच्याशी भांडण मांडलं होतं. मी मनात म्हणत होतो, मला नको बोलावूस. तू तरी नको.

तिने वडिलांच्या हाताकडे बघितलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "शुअर."

दिनकर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "अच्छा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तूही दादासारखी बोलायला लागलीस." त्यांनी वडीचे दोन तुकडे केले, मोठा तिच्या हातावर ठेवला आणि डोळे मिटले. वाटेतलं मुरथल गाव गेलं तरी उघडले नाहीत. झोपले होते की नुसते मिटले होते, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी देविकाने त्या हॉस्पिटलला पत्र लिहिलं. एक चष्मा आमच्याकडे आहे, एका काडीला दोरा गुंडाळलेला. त्या तारखेच्या नोंदी बघून जिचा असेल तिच्या घरच्यांना कळवा. त्या घरी दुसऱ्या कुणीतरी सही केली असेल, दुसऱ्या कुणीतरी शुअर म्हटलं असेल. पत्रात मी कुठेच नव्हतो. अजून उत्तर आलेलं नाही.

काकांच्या तोंडात आता मी राहत नाही. मेट्रोचा डबा विचारला तरी ते म्हणतात, 'बघून सांगतो.' परवाच्या रविवारी ते जेवायला आले. देविका आमटी वाढत होती. काकांनी मान वर केली आणि थेट तिच्या तोंडाकडे बघितलं. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. पाढा पाठ करावा तसं, सावकाश. ती अवघडली.

"काय झालं, काका?"

"काही नाही. बघून ठेवतोय."

आमटीचा डाव तिच्या हातात तसाच राहिला. त्या वेळी दिनकरांनी कॅलेंडरकडे बघितलं.

माझं एवढंच मागणं आहे. कुणाला झोप यावी म्हणून मला बोलवायचं असेल तर बोलवा. ते माझं जन्माचं काम आहे, मी येईन. पण माझ्या भरवशावर सह्या करू नका. आणि ज्यांच्या हातचं जेवता त्यांच्याकडे आजच एकदा नीट बघून घ्या, पानावर बसल्या बसल्या. मला नंतर विचारू नका. मी तेव्हाही हजर असेन, पण मला काही माहीत नसेल.